गाडी परत नेईन, याची हमी

आरटीओत नवी मोटारसायकल पासिंगला गेली की एजंट एक छोटी कसरत करतो. हँडलच्या खाली, सांगाड्याच्या मानेवर, पातळ कागद दाबून धरतो आणि त्यावर शिसपेन्सिल घासत राहतो. हळूहळू कागदावर १७ अक्षरं-आकड्यांची एक ओळ उमटते. हा चेसिस नंबर. मालकाने तो आरसीवर एकदा पाहिलेला असतो, नंतर पुन्हा कधी त्याच्या वाटेला जात नाही. पण हीच गाडी देशाबाहेर न्यायची ठरली, की सगळी कागदपत्रं या एका ओळीभोवती फिरू लागतात. नंबरप्लेट बदलता येते, टाकीला दुसरा रंग देता येतो, इंजिनसुद्धा उतरवून दुसरं बसवता येतं. सांगाड्यावर ठोकलेली ती ओळ मात्र जन्मखुणेसारखी. परक्या देशातला कस्टम्स अधिकारी टॉर्च घेऊन गाडीपाशी वाकतो, तो तेवढ्यासाठीच.

या नंबराची एक गंमत आहे. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरायचीच नसतात, कारण एक आणि शून्य या आकड्यांशी त्यांची गल्लत होते. म्हणजे चेसिस नंबरात वाटोळं काही दिसलं तर ते शून्यच समजायचं. इंजिन नंबराला असं संरक्षण नाही. तिथे एखाद्या कारकुनाने शून्याच्या जागी ओ टाइप केला, तर मुंबईत कुणाच्याही लक्षात न आलेली ती चूक हजारो किलोमीटरवरच्या नाक्यावर उघडी पडते. म्हणून मुरलेले स्वार अर्ज भरताना आरसीवर विसंबत नाहीत. गाडीपाशी उकिडवे बसून नंबर स्वतः उतरवून घेतात आणि मग आरसीशी ताडून पाहतात.

सीमेवर खिडक्या अनेक असतात आणि प्रत्येक खिडकीमागची धास्ती वेगळी असते. इमिग्रेशनवाल्याला वाटतं, हा माणूस इथेच राहून जाईल. त्याचं समाधान पासपोर्ट आणि व्हिसा करतात. पोलिसांना वाटतं, हा कुणाला तरी ठोकेल आणि पसार होईल. तिथे परवाना आणि विमा लागतो. कस्टम्सवाल्याची धास्ती सगळ्यांत खर्चीक. पाहुणा गाडी गुपचूप विकेल, विमानाने घरी जाईल आणि आपला आयातकर बुडेल, ही ती धास्ती. आयात केलेल्या गाडीवर भारतात किती कर बसतो हे ठाऊक असलेल्याला ही शंका अवास्तव वाटणार नाही. त्या शंकेला दिलेलं लेखी उत्तर म्हणजे कार्ने.

पूर्ण नाव ‘कार्ने द पासाज आँ दुआन’. फ्रेंचमध्ये अर्थ साधारण असा, की कस्टम्सच्या नाक्यांवरून पार होण्याची वही. आपल्याकडचे बायकर तिला सरळ ‘कार्नेट’ म्हणतात. खासगी वाहनं तात्पुरती परदेशात नेण्याबद्दल न्यूयॉर्कमध्ये १९५४ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि पुढे १९९० चा जो इस्तंबूल करार झाला, त्यांच्या आधारावर ही वही चालते. भारतात ती मिळते फेडरेशन ऑफ इंडियन ऑटोमोबाइल असोसिएशन्स आणि १९१९ साली स्थापन झालेली मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन यांच्यामार्फत. त्यामुळे स्वार नागपूरचा असो नाहीतर नागालँडचा, जगभ्रमंतीची पहिली पायरी बहुधा चर्चगेटच्या आसपास येते.

वहीचं तत्त्व अगदी व्यापारी आहे. असोसिएशन जगभरच्या कस्टम्स खात्यांना सांगते, की ही गाडी तुमच्या देशातून बाहेर गेली नाही तर कर आम्ही भरू. आता असोसिएशन तरी परक्या माणसासाठी एवढी जोखीम का घेईल? म्हणून ती स्वाराकडून बँक गॅरंटी घेते. रक्कम गाडीच्या किमतीवर आणि प्रवासात येणाऱ्या देशांवर ठरते. कर जबर, तर हमी जबर. यादीत इजिप्तसारखा देश असला की आकडा चढतो. हमी गाडीच्या किमतीपेक्षा मोठी निघाली तरी नवल नाही. बँक ही गॅरंटी देते ती बहुधा फिक्स्ड डिपॉझिटच्या जोरावर, आणि ती ठेव वही परत येईपर्यंत अडकते. पेट्रोल, मुक्काम, टायर यांचा हिशेब सगळेच करतात. अडकून पडणाऱ्या या पैशांचा विचार मात्र अनेकांना कार्नेचा अर्ज हाती आल्यावर सुचतो. गाडी कर्जावर असेल तर आणखी एक फेरी: आरसीवर बोजा असलेली गाडी देशाबाहेर न्यायला कर्ज देणाऱ्याचं ना हरकत पत्र हवं. गाडी वडिलांच्या किंवा मित्राच्या नावावर असेल तर मालकाचं रीतसर अधिकारपत्र हवं. आडनाव एकच आहे, एवढ्यावर परदेशी अधिकारी ऐकत नाही.

वहीची घडण बघण्यासारखी आहे. मुदत एक वर्ष. पानं ५, १० किंवा २५. एका देशातल्या एका फेरीला एक पान. प्रत्येक पान आडव्या छिद्ररेषांनी तीन तुकड्यांत विभागलेलं. समजा, मुंबईहून जहाजाने गेलेली गाडी इराणच्या बंदर अब्बासला उतरली. तिथला अधिकारी चेसिस नंबर ताडून पाहतो, पानाच्या तळच्या तुकड्यावर शिक्का मारतो, छिद्ररेषेवरून तो टर्रकन फाडतो आणि स्वतःकडे ठेवतो. ही गाडी आत आल्याची नोंद. सगळ्यांत वरच्या तुकड्यावरही नाक्याचं नाव, तारीख, शिक्का आणि सही होते. तो तुकडा वहीतच राहतो. मग स्वार दोन हजारांहून अधिक किलोमीटर तुडवत तुर्कस्तानच्या हद्दीवरच्या बाझरगानला पोचतो. तिथे मधला तुकडा फाटतो आणि वरच्या तुकड्यावर दुसरा शिक्का बसतो. आत आणि बाहेर, असे दोन शिक्के जमले की इराणचा हिशेब मिटला.

चूक होते ती इथेच. नाक्यावर गर्दी असते, ‘सगळं करून देतो’ म्हणणारे दलाल पाठ सोडत नाहीत, पलीकडे अरारात पर्वताचं पांढरं शिखर खुणावत असतं. तुर्कस्तानात शिरताना कुणी कार्ने मागत नाही, तिथे गाडीची नोंद संगणकावर मालकाच्या नावे होते. त्यामुळे दुसरा शिक्का राहून गेला हे कळायला वेळ लागतो. आणि तो राहिला तर कागदोपत्री गाडी अजून इराणातच आहे, मग ती ठाण्याला मालकाच्या बिल्डिंगखाली का उभी असेना.

कार्ने सगळीकडे लागतं असं नाही. इराण, पाकिस्तान, इजिप्त, ऑस्ट्रेलिया, जपान अशा देशांत त्याची मातब्बरी आहे. परदेशी स्वार भारतात गाडी आणतो तेव्हा आपलं कस्टम्सही तेच मागतं. युरोप, मध्य आशिया आणि दोन्ही अमेरिका खंडांत मात्र सीमेवरच तात्पुरत्या आयातीचा परवाना मिळतो. रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, बेलारूस आणि आर्मेनिया यांचा कस्टम्स संघ एकच असल्याने एका देशात केलेलं घोषणापत्र बाकीच्यांत चालतं. वाचायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात तो एक पातळ, घडी घातलेला कागद असतो, त्यावर परतीची शेवटची तारीख रशियन भाषेत असते, आणि ती व्हिसाच्या तारखेशी जुळेलच असं नाही.

मराठी बायकरांची पहिली परदेशवारी बहुधा नेपाळची असते, आणि तिथे भारतीय गाडीला कार्ने लागत नाही. सोनौली किंवा रक्सौलच्या पलीकडे गेलं की ‘भन्सार’, म्हणजे नेपाळी कस्टम्स. आरसी आणि परवाना दाखवायचा, जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचे पैसे भरायचे, पावती घ्यायची. शिवाय वाहतूक खात्याची परवानगी. भारतीय परवाना तिथे चालतो, आणि माणसाला मतदार ओळखपत्रही पुरतं. फसगत होते ती दिवसांच्या हिशेबात. पोखरा आवडलं म्हणून दोन दिवस वाढवले आणि पावती मात्र जुन्याच तारखेची राहिली, की परतताना दंड. शिवाय भारतीय खासगी गाडीला आर्थिक वर्षात एकूण ३० दिवसांची मर्यादा आहे, आणि नेपाळचं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये नव्हे, जुलैच्या मध्यावर सुरू होतं.

नेपाळपुढे मात्र भारतीय स्वार जवळजवळ बेटावर राहतो. नकाशात रस्ते आहेत, पण त्यांच्यावर नाके बंद. पश्चिमेला अटारीची चौकी एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. त्याआधीही तिथून मोटारसायकल नेणं सोपं नव्हतं. पूर्वेला मणिपूरमधलं मोरे आणि म्यानमारमधलं तामू यांच्यातला रस्ता ऑगस्ट २०१८ मध्ये परदेशी प्रवाशांना रीतसर खुला झाला, तेव्हा बँकॉकपर्यंत गाडीने जाण्याची स्वप्नं पडू लागली होती. दोनच वर्षांत आधी महामारीने आणि मग म्यानमारच्या लष्करी बंडाने ती वाट बुजवली. तिबेटमार्गे चीन आहे, पण तिथे सोबत परवानाधारक गाइड हवा आणि गाडीला तात्पुरती चिनी नंबरप्लेट. आपला आंतरराष्ट्रीय परवाना चीन मानत नाही. थायलंडनेही २०१६ पासून परदेशी गाड्यांना प्रवास कंपनीमार्फत आगाऊ परवानगी घ्यायला लावली आहे. म्हणून अनेकांची गाडी पहिली सीमा चाकांवर नव्हे, लाकडी खोक्यात बसून ओलांडते: टाकी रिकामी, बॅटरीची तार काढलेली, आणि वर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजात चढवलेल्या मालाची पावती.

आंतरराष्ट्रीय परवाना मिळवणं त्यामानाने सोपं. आरटीओत फॉर्म ४ए, एक हजार रुपये फी, एक वर्षाची मुदत. तो १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे दिला जातो आणि मूळ परवान्याचं भाषांतर म्हणूनच त्याची किंमत. मूळ परवाना जवळ नसेल तर तो निरुपयोगी. हाती पडल्यावर एकच गोष्ट तपासायची. मोटारसायकलचा वर्ग त्यात ‘ए’ असतो आणि मोटारीचा ‘बी’. शिक्का नुसताच ‘बी’पुढे बसलेला असेल, तर परदेशात तो स्वार दुचाकीपुरता बिनपरवाना ठरतो, आणि त्याचे चटके पुढे विम्यात बसतात. जाता जाता नंबरप्लेटचं: गाडीमागे पांढऱ्या लंबगोलात काळ्या अक्षरांत ‘आयएनडी’ ही देशखूण हवी, आणि आकडे रोमन लिपीवाल्यांना वाचता येतील असे. कोल्हापूर-साताऱ्याकडे हौसेने रंगवलेल्या देवनागरी आकड्यांच्या प्लेट इथल्या नियमातही बसत नाहीत, तिकडे तर नाहीच नाही.

आता विमा. पासपोर्टची मुदत दहादा तपासणारा माणूस पॉलिसीचं पहिलं पान वाचत नाही. त्यावर ‘जिऑग्राफिकल एरिया’ असं लिहून पुढे एकच शब्द असतो: इंडिया. आणि पॉलिसीतल्या सर्वसाधारण अपवादांत पहिलाच अपवाद असा, की या क्षेत्राबाहेर झालेलं नुकसान किंवा उद्भवलेली जबाबदारी कंपनीवर नाही. म्हणजे झीरो डेप घ्या, इंजिन प्रोटेक्ट घ्या, सीमारेषा ओलांडली की सगळं मागे राहतं. मालक-चालकासाठी सक्तीचा असलेला १५ लाखांचा अपघात विमाही त्याच हद्दीतला.

शेजारच्या देशांपुरता यावर एक स्वस्त उपाय आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये ‘आयएमटी १’ नावाची एक पुरवणी आहे. तिने पॉलिसीची हद्द बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीवपर्यंत वाढवता येते. टॅरिफमधला जादा हप्ता पॅकेज पॉलिसीला सरसकट ५०० रुपये, नुसत्या थर्ड पार्टीला १००. एका रात्रीच्या लॉजपेक्षा स्वस्त. ऑनलाइन पॉलिसी घेताना मात्र हा पर्याय सहसा समोर येत नाही. कंपनीच्या शाखेत जाऊन मागावा लागतो आणि एन्डॉर्समेंटचा कागद हातात घ्यावा लागतो. या पुरवणीत एक खास गंमत दडलेली आहे. समुद्रप्रवासात किंवा विमानात झालेलं नुकसान ती भरून देत नाही. मालदीवला रस्त्याने जाता येतं असं टॅरिफ लिहिणाऱ्यांना वाटलं नसावं, तरी विमा आहे तो बोट किनाऱ्याला लागल्यावरच. जहाजातल्या प्रवासासाठी वेगळा मरीन विमा काढावा लागतो.

या सहा देशांपलीकडे भारतीय मोटार पॉलिसी काही कामाची नाही. तिथे प्रत्येक प्रदेशाने आपापली व्यवस्था उभी केली आहे, आणि का कोण जाणे, तिला रंगांची नावं आहेत. युरोपचं ग्रीन कार्ड १ जानेवारी १९५३ पासून चालू आहे. एका देशातली थर्ड पार्टी पॉलिसी दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्याची ती हमी. मोरोक्को, तुर्कस्तान आणि इराणही त्या व्यवस्थेत आहेत. जुलै २०२० पासून हे ग्रीन कार्ड साध्या पांढऱ्या कागदावर छापलं तरी चालतं, त्यामुळे हिरवं म्हणून काही शोधत बसायचं नाही. अरब देशांचं ऑरेंज कार्ड १९७५ च्या ट्युनिस करारातलं, पश्चिम आफ्रिकेचं ब्राउन कार्ड १९८२ चं, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या कोमेसा या व्यापारसंघातल्या देशांचं यलो कार्ड. भारत यांपैकी कशातच नाही. म्हणून भारतीय नंबराच्या गाडीला वाटेत विमा विकत घ्यावा लागतो, बहुतेक वेळा नाक्यालगतच्या पत्र्याच्या टपरीत, रोख पैसे मोजून.

टपरीत मिळतं ते फक्त थर्ड पार्टी. समोरच्या माणसाचा पाय मोडला तर त्याची भरपाई होईल. स्वतःची गाडी जळाली, दरीत गेली, चोरीला गेली तर एक छदामही नाही. स्वतःचा पाय मोडला तरी नाही. त्यासाठी प्रवास विमा. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाला किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, त्यामुळे तो काढलेला असतो. पण तो काढताना कुणी विचारत नाही, की साहेब, तुम्ही विमानाने जाणार की ४५० सीसीवर. अनेक पॉलिसींत मोटारसायकल चालवताना झालेला अपघात धोक्याच्या खेळांबरोबर वगळलेला असतो, कुठे इंजिनच्या सीसीची मर्यादा घातलेली असते, कुठे हेल्मेट आणि योग्य वर्गाचा परवाना ही अट असते. वर सांगितलेला ‘ए’चा शिक्का इथे परत आडवा येतो. ताजिकिस्तानातल्या पामीर रस्त्यावर पडलेल्या माणसाला हॉस्पिटलच्या बिलापेक्षा तिथून बाहेर काढण्याचा खर्च मोठा असू शकतो. म्हणून पॉलिसीत ‘इव्हॅक्युएशन’ हा शब्द आणि त्याच्यापुढची रक्कम शोधायची, आणि मोटारसायकलचं उत्तर कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्यायचं. फोनवरच्या ‘हो सर, कव्हर आहे’ला पुरावा नसतो.

मे २०२५ मध्ये मुंबईहून केटीएम ३९० घेऊन निघालेला एक तरुण नेपाळ, चीन, मध्य आशिया, युरोप असे १७ देश पार करून ब्रिटनला पोचला. ऑगस्टअखेर नॉटिंगहॅममधल्या वोलाटन पार्कजवळ त्याने न्याहारीसाठी गाडी लावली, आणि ती चोरीला गेली. गाडीवरच्या सामानात पासपोर्ट होता, पैसे होते. बातमी जगभर गेली, आणि पुढे तिथल्याच एका विक्रेत्याने त्याला तसलीच गाडी भेट दिली. बातम्यांचा शेवट गोड झाला, पण कागदांच्या नजरेने पाहिलं तर ती गाडी वेगळीच: वेगळा चेसिस नंबर, दुसऱ्या देशाची नोंदणी, म्हणजे नवी आरसी, नवा विमा, नवे परवाने. ब्रिटन कार्ने मागत नाही हे त्यातल्या त्यात बरं. कार्ने मागणाऱ्या देशात गाडी चोरीला गेली तर कस्टम्सच्या लेखी ती देशातच राहिलेली असते आणि कराची मागणी उभी राहू शकते. पोलिसांत दिलेल्या तक्रारीची शिक्क्यानिशी प्रत तिथे लाखमोलाची.

चाळीसेक वर्षांपूर्वी एल्स्पेथ बेअर्ड या ब्रिटिश वास्तुविशारद तरुणीवर सिंगापूरमध्ये असाच प्रसंग ओढवला होता. १९८२ मध्ये बीएमडब्ल्यू आर ६०/६ घेऊन ती जगप्रदक्षिणेला निघाली होती. तिची गाडी शाबूत राहिली. चोरीला गेले ते कागद. पासपोर्ट, त्यातले व्हिसा, गाडीची नोंदणी, जहाजाची कागदपत्रं. ते सगळं नव्याने मिळवण्यात सहा आठवडे सिंगापुरात गेले. आज स्कॅन आणि ईमेल आहेत, तरी डिजिलॉकरवर वाढलेल्या आपल्या पिढीला एक सवय मोडावी लागते. भारतात मोबाइलवरची आरसी पोलिसाला चालते, सीमेपलीकडे अधिकाऱ्याला हातात धरायला कागद लागतो. मुरलेले स्वार दोन संच ठेवतात: रस्त्यातल्या पोलिसाला दाखवायला रंगीत प्रतींचा, आणि मूळ कागदांचा, जो सामानाच्या पेटीत नव्हे तर अंगावर असतो.

राहता राहिली ती बाझरगानला शिक्का हुकलेली गाडी. तिच्यासाठी वहीतच एक पान असतं: गाडी अमुक दिवशी, अमुक ठिकाणी पाहिली, असा दाखला. मायदेशी कस्टम्स अधिकाऱ्याने गाडी समक्ष बघून त्यावर सही-शिक्का केला, की ती इराणात नाही हे सिद्ध होतं. मगच वही असोसिएशनकडे जमा होते आणि बँकेतली ठेव मोकळी होते. त्या सहीसाठी स्वार न्हावाशेवाच्या यार्डात गाडी उभी करतो, मानेवरची धूळ आणि ग्रीस फडक्याने पुसतो, अधिकारी टॉर्च मारतो, आणि दोघं मिळून ती १७ अक्षरं एकेक करून वाचायला लागतात.